तूट जाते कुठे? दुष्काळ, रोजगार हमी आणि अंदाजपत्रकाचा तोल

 

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेही बहुतेक वेळा अर्ध्या रिकाम्या वर्गात. संयोजकांनी ‘अंदाजपत्रक आणि गरीब माणूस’ हा विषय सुचवला तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, तुमचं दार चुकलं. मग घरी बसून विचार केला आणि वाटलं, दार तितकंसं चुकलेलं नाही. अंदाजपत्रक दिसतं आकड्यांचं, पण त्याच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न असतो: पैसा अपुरा असताना कुणाचं देणं आधी फेडायचं आणि कुणाला ‘थांब’ म्हणायचं? हा प्रश्न आमच्या खात्यातला आहे. आणि त्याचा इतिहास आपल्याच दख्खनच्या मातीत घडलेला आहे. म्हणून आज इतिहास सांगणार आहे.

तुमच्यातल्या नोकरदारांनी आपलं पगारपत्रक डोळ्यांपुढे आणावं. त्यात एक बारीकशी कपात असते, व्यवसाय कर. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५०० रुपये. हा कर कशासाठी सुरू झाला, हे मी अनेक सुशिक्षित लोकांना विचारून पाहिलं आहे. बहुतेकांना माहीत नसतं. त्याचं उत्तर व्याख्यानाच्या मध्यावर येईल. आत्ता फक्त तो आकडा लक्षात ठेवा.

आधी एक आठवण. १९७३चा उन्हाळा. मी एम.ए.ला होतो आणि सुटीत सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. तुमच्यातल्या ज्येष्ठांना तो दुष्काळ आठवत असेल. लाल मिलो, सुकडी, जनावरांच्या छावण्या, आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसांची रांग. त्या रांगेत माझी चुलती होती. घरची दहा एकर जमीन, पण विहीर कोरडी, म्हणून तीही हातोडी घेऊन बसलेली. मुकादम हजेरी लावायचा, आठवड्याला माप व्हायचं. पण मजुरी तीन आठवडे झाले तरी आली नव्हती. कागद कुठल्यातरी कचेरीत अडकले होते. मी विचारलं, “काकी, मग घरात खायला काय?” ती म्हणाली, “वाण्याकडनं उधारीनं आणतोय की. सरकार बी आमच्या उधारीवरच चाललंय रं.”

त्या वेळी मी हसलो. पुढे पन्नास वर्षांत अर्थशास्त्राची जी थोडीफार पुस्तकं वाचली, त्यांतलं कुठलंही वाक्य मला तिच्या वाक्याइतकं नेमकं वाटलं नाही. आज मी जे सांगणार आहे, ते तिच्या वाक्याचंच स्पष्टीकरण आहे असं समजा.

आता ‘तोल’ म्हणजे काय ते पाहू. सरकारने जमेपेक्षा जास्त खर्च करू नये, किंवा केलाच तर ठरलेल्या मर्यादेत करावा, असा नियम. त्याच्या बाजूने आपल्याकडे तयार म्हण आहे: अंथरूण पाहून पाय पसरावेत. म्हण खोटी नाही. पण शेतकऱ्याच्या घरात ती कशी चालते ते बघा. पीक चांगलं आलं की तो पेवात धान्य भरतो, चार तोळे सोनं करतो. पीक बुडालं की पेव उघडतो, सोनं मोडतो, वेळ आली तर कर्ज काढतो. त्याचा हिशेब जुळतो तो पाच-सात वर्षांचा मिळून. ‘या वर्षीची जमा कमी आहे, म्हणून या वर्षी पोरांनी कमी जेवायचं’ असं कुठलाही शहाणा बाप म्हणत नाही. सरकारी तोलाचा नियम मात्र बारा महिन्यांचा असतो. आणि शेतीवर जगणाऱ्या मुलखात गंमत अशी, गंमत कसली, संकट असं, की ज्या वर्षी सरकारची जमा घटते, नेमक्या त्याच वर्षी गरिबाची गरज वाढते. पाऊस एकच असतो ना. तो पडला नाही की शेतसाराही येत नाही आणि चूलही पेटत नाही.

ही अडचण पहिल्यांदा उघडी पडली ती १८७०च्या दशकात.

१८७३-७४ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला. बंगाल प्रांताची धुरा सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे आली होती. त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, कामं काढली, घरोघर मदत पोचवली. सहा कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. आणि भूकबळी फारच थोडे झाले. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानात ही जवळजवळ एकमेव गोष्ट. मग टेंपलसाहेबांचा सत्कार झाला असेल? नाही. उधळपट्टी केली म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. माणसं मेली नाहीत, याचा अर्थ दुष्काळ मुळात तेवढा मोठा नव्हताच, असंही म्हटलं गेलं. तर्कशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण मी नेहमी द्यायचो: औषधाने रोगी वाचला, म्हणून रोग नव्हताच!

तीन वर्षांनी, १८७६ मध्ये, दख्खनवर आणि मद्रास इलाख्यावर त्याहून मोठा दुष्काळ आला. व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरला, राणी व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञीपदाची घोषणा झाली. आणि त्याच महिन्यात टेंपल यांना दक्षिणेत पाठवलं गेलं. तेच टेंपल. पण या वेळी सूचना वेगळ्या होत्या: खर्चाला आळा घाला. वरिष्ठ सरकारचा युक्तिवाद असा होता की हवा तितका खर्च करत गेलो, तर कर्जाचा आणि करांचा बोजा देशाला दुष्काळापेक्षाही घातक ठरेल. हे वाक्य नीट ऐका, कारण दीडशे वर्षांत ते फारसं बदललेलं नाही.

टेंपल यांनी काय केलं? कामावरच्या माणसाची मजुरी उतरवली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही थोडं कमी धान्य, आणि तेवढ्यावर दिवसभर दगड फोडायचे. इतिहासात याला ‘टेंपल वेतन’ म्हणतात. त्या वेळच्या वादात एक तुलना वारंवार झाली: तुरुंगातल्या कैद्याला यापेक्षा जास्त शिधा मिळतो. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी याविरुद्ध सरकारी नोकरीत राहून झुंज दिली, आणि त्याच वर्षी मद्रासमध्ये मजुरी वाढवावी लागली.

आणि मुंबई इलाख्यात? इथे एक विलक्षण गोष्ट घडली, तिचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. उपाशी माणसांनी संप केला. हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. या मजुरीत काम करून मरायचं, तर घरी जाऊन मरू, असा तो हिशेब. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती गोळा करत होते, तिचे अहवाल सरकारकडे धाडत होते. पिकं किती बुडाली, भाव काय, मजुरी काय, माणसं कुठे चालली. अर्जविनंत्यांच्या त्या राजकारणाची पुढे खूप थट्टा झाली. पण सरकारी हिशेबासमोर लोकांचा हिशेब मांडणं ही गोष्ट तिथे सुरू झाली.

त्या दुष्काळात नुसत्या ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक माणसं गेली. मी असं म्हणत नाही की ती सगळी तोलाच्या नियमामुळे गेली. पाऊस पडला नव्हता, रोगराई होती, धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही हा हट्ट होता. पण एकच अधिकारी, तीन वर्षांच्या अंतराने आलेले दोन दुष्काळ. पहिल्यात हिशेब बिघडला आणि माणसं वाचली. दुसऱ्यात हिशेब सांभाळायचा हुकूम होता. पहिल्या दुष्काळात तूट सरकारच्या वहीत दिसली. दुसऱ्यात ती माणसांच्या शरीरात शिरली. तूट नाहीशी होत नाही, श्रोतेहो, ती जागा बदलते.

पुढची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, कारण तिच्यात हेतू चांगला होता. लिटन सरकारला कळून चुकलं की दुष्काळ ही अकस्मात आपत्ती नव्हे, दर काही वर्षांनी येणारा पाहुणा आहे. अर्थखात्याचे सभासद सर जॉन स्ट्रॅची यांनी योजना मांडली: दरवर्षी दीड कोटी रुपये दुष्काळासाठी जादा उभे करायचे. चांगल्या वर्षी त्यातून कर्ज कमी करायचं, दुष्काळात उपयोगी पडतील असे लोहमार्ग आणि कालवे बांधायचे, म्हणजे वाईट वर्षी हात मोकळा राहील. याला ‘दुष्काळ विमा’ म्हणत. बघा, हे शेतकऱ्याच्या पेवासारखंच झालं. बारा महिन्यांच्या तोलाऐवजी अनेक वर्षांचा तोल. कल्पना उत्तम होती.

पैसा आणायचा कुठून? १८७८ मध्ये व्यापार-धंद्यांवर लायसन कर बसवला, उत्तरेत जमिनीवर पट्टी बसवली. पगारदार अधिकारी मात्र त्या करातून सुटले. आणि त्याच वर्षी अफगाणिस्तानशी युद्ध सुरू झालं. युद्धाच्या खर्चाचा अंदाज साफ चुकला, आणि गरिबांकडून दुष्काळाच्या नावाने घेतलेला पैसा युद्धाच्या खड्ड्यात गेला, असा आरोप हिंदी पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षं केला. सरकारचं उत्तर असे की वेगळा ‘निधी’ असा आम्ही कधी म्हटलाच नव्हता, तो फक्त अंदाजपत्रकातला एक हेतू होता. वचन आणि हेतू यांतला फरक आम्ही तत्त्वज्ञानात शिकवतो. गरिबाला तो हिशेबतपासनीस शिकवतो.

मग १८८०चा दुष्काळ आयोग आला, त्यावर आधारलेली दुष्काळ संहिता आली. अंगात बळ असेल त्याला काम आणि मजुरी, नसेल त्याला अन्न, हे तत्त्व कागदावर उतरलं. पण ती संहिता म्हणजे अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचना होत्या. ती मोडली म्हणून शेतकऱ्याला कोर्टात जाता येत नव्हतं. १८९६ साली टिळकांनी ‘केसरी’तून आणि सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत नेमकं तिथेच बोट ठेवलं. तुमच्याच संहितेत सूट लिहिली आहे, काम लिहिलं आहे, ते मागा, असं ते गावोगाव सांगू लागले. सरकार इतकं चिडलं की १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. सूचनेचा हक्क होऊ लागला की राज्यकर्ते का चिडतात? कारण हक्काला ‘यंदा तरतूद नाही’ असं उत्तर देता येत नाही.

आता मिठाकडे येऊ. १८८२ मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपये होता. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. ब्रह्मदेशाचा खर्च आणि रुपयाची घसरण यांनी अंदाजपत्रकाचा तोल गेला, तेव्हा १८८८ मध्ये कर अडीच रुपये केला गेला. तोल सावरला! पुढे शतकाच्या अखेरीस उलट झालं. अंदाजपत्रकात तूट नाही, शिल्लक पडू लागली. वर्षामागून वर्ष शिल्लक. आणि वर्षं कोणती? १८९६-९७चा दुष्काळ, १८९९-१९००चा दुष्काळ आणि प्लेग यांनी वेढलेली.

२६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिलं भाषण करायला उभे राहिले. फर्ग्युसन महाविद्यालयातले कालपर्यंतचे शिक्षक, वय पस्तीस. सभागृहाची अपेक्षा होती की शिल्लक दाखवणाऱ्या अर्थमंत्र्यांचं सगळे कौतुक करतील. गोखल्यांनी शिल्लक हाच पुरावा म्हणून हातात घेतला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: लोक दुष्काळाने पिचलेले असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ राज्य भरभराटीला आलं असा होत नाही. लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं जातंय, एवढाच होतो. अडचणीच्या काळात वाढवलेले कर, अडचण संपली तरी उतरले नाहीत. मिठाचा कर कमी करा, अशी मागणी त्यांनी केली. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक.

या गोष्टीतलं मर्म लक्षात घ्या. तूट आली की मिठाचा कर तत्काळ चढला. शिल्लक आली तेव्हा तो उतरायला पाच वर्षं आणि एक गोखले लागले. तराजू दोन्ही बाजूंना सारखा झुकत नाही. गरिबाकडून घेताना तो हलका असतो, द्यायची वेळ आली की जड होतो.

आता स्वतंत्र महाराष्ट्रात येऊ, आणि त्या २५०० रुपयांकडेही.

वि. स. पागे हे नाव नव्या पिढीला माहीत नसतं. विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्यातले, गांधी-विनोबांच्या वाटेवरचे, संतवाङ्मयाचा व्यासंग असलेले गृहस्थ. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी साठच्या दशकात एक छोटा प्रयोग करून पाहिला: जो काम मागेल त्याला काम द्यायचं. त्यातून रोजगार हमी योजनेची कल्पना आली. मग १९७२-७३चा दुष्काळ आला. सर्वांत कठीण महिन्यांत जवळपास ५० लाख माणसं एकाच वेळी सरकारी कामांवर होती. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते, खडी. माझी चुलती त्यांतलीच एक. मजुरी उशिरा आली, हाल झाले, हे मी सांगितलंच. पण १८७७ सारखी माणसं मेली नाहीत. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अभ्यासकाने दुष्काळ निवारणाचं जगातलं मोठं उदाहरण म्हणून त्या वर्षाचा अभ्यास केला आहे.

पागे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट उमगली होती. हमी द्यायची तर पैशाची वाट आधी बांधली पाहिजे. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने, धंदेवाल्याने खेड्यातल्या बेकाराच्या मजुरीसाठी दरमहा थोडं द्यायचं. जोडीला वाहनकर, विक्रीकर यांवर अधिभार, बागायत जमिनीवर कर, आणि जमेल तेवढीच रक्कम राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. १८७८च्या लायसन करातून पगारदार सुटले होते. इथे सुरुवातच पगारदारापासून झाली. आणि मग १९७७चा रोजगार हमी कायदा. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. टिळक ज्याच्यासाठी भांडत होते ते इथे घडलं. सूचनेचा हक्क झाला.

हे किती मोठं आहे, ते कळण्यासाठी संविधानातली एक साधी तरतूद पाहावी लागते. सरकारी खर्चाचे दोन वर्ग असतात. आपल्या राज्याच्या अंदाजपत्रकात शब्द आहेत ‘भारित’ आणि ‘दत्तमत’. कर्जाचं व्याज हा भारित खर्च. त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. तो द्यावाच लागतो. मजुरी, शिष्यवृत्ती, निराधारांचं अनुदान, हे दत्तमत. त्यांना दरवर्षी मंजुरी लागते. म्हणजे सरकारच्या दारातल्या रांगेत धनको सर्वांत पुढे उभा आहे. त्याच्यामागे पगार आणि निवृत्तिवेतन, जे थांबवणं कठीण. मीही त्याच रांगेत उभा असतो, हे कबूल करतो. आणि सर्वांत मागे ज्याला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणता येतं तो. मग तोलाचा नियम आला, पैसा कमी पडला, तर कात्री कुणावर पडेल? त्यासाठी कुणी दुष्ट असण्याची गरज नाही. रांगेचा क्रमच ते काम करतो. रोजगार हमीचा कायदा म्हणजे शेवटच्या माणसाला हाताला धरून रांगेत पुढे आणण्याचा प्रयत्न होता.

तो पूर्ण यशस्वी झाला का? नाही, आणि हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. १९८८ मध्ये योजनेची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीने वाढली, जवळपास दुप्पट झाली. मजूर वाढायला हवे होते. प्रत्यक्षात कामाचे दिवस झपाट्याने घटले. रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून दाखवलं की मागणी कमी झाली नव्हती, कामं उघडणंच आखडतं घेतलं गेलं. कायद्यात हमी तशीच राहिली, पण ‘मंजूर काम नाही’, ‘अधिकारी नाही’ असं म्हणत तिच्याभोवती कुंपण पडलं. आणि दुसरीकडे या नावाने जमा होणारा कर पुरता या कामावर खर्च होत नाही, तो सर्वसाधारण तिजोरीचा तोल सांभाळायला वापरला जातो, ही टीका अनेक वर्षं होत राहिली. दुष्काळ विम्याची आठवण येते की नाही? शंभर वर्षांनी, आपलंच सरकार असताना, तेच भांडण.

आता अलीकडचा काळ थोडक्यात. २००३ मध्ये केंद्राने वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला. महसुली तूट शून्यावर आणायची आणि राजकोषीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांपर्यंत. बाराव्या वित्त आयोगाने राज्यांना सांगितलं, असा कायदा केलात तर कर्जात सवलत मिळेल. महाराष्ट्राने २००५ मध्ये तो केला. आणि योगायोग पाहा, त्याच २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय रोजगार हमी कायदा केला, ज्याचं मूळ महाराष्ट्रात होतं. एकाच वर्षी एका हाताने वचन दिलं, दुसऱ्या हाताने वचनाला मर्यादा घातली.

यात एक बारकावा आहे. ‘महसुली’ खर्च म्हणजे ज्यातून मालमत्ता उभी राहत नाही तो, असं पुस्तकात म्हणतात. पूल बांधला तर तो भांडवली खर्च. शिक्षिकेचा पगार, दवाखान्यातलं औषध, रेशनचं धान्य हे महसुली. महसुली तूट शून्य करा म्हटलं की दबाव नेमका यांच्यावर येतो. शिकलेलं पोर ही मालमत्ता नाही आणि पुलाचा कठडा मालमत्ता आहे, हे वर्गीकरण करणाऱ्याला मी माझ्या वर्गात बसवलं असतं.

मोठं संकट आलं तेव्हा नियम सैल झाला, हे मान्य केलं पाहिजे. २००८च्या जागतिक मंदीत झाला. २०२० मध्ये तर केंद्राची तूट ९ टक्क्यांच्या वर गेली, रोजगार हमीला ४० हजार कोटी रुपये जादा मिळाले आणि त्या वर्षी ११ कोटींहून अधिक माणसांनी ते काम केलं. त्या कामाने किती चुली पेटत्या ठेवल्या, ते शहरातून चालत गावी गेलेल्यांना विचारा. पण प्रश्न असा की संकट सगळ्यांच्या दारात आलं तरच नियम वाकतो. मराठवाड्यातल्या चार जिल्ह्यांचा दुष्काळ हे राष्ट्रीय संकट ठरत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. राज्याला नोटा छापता येत नाहीत आणि कर्जावर केंद्राची मर्यादा असते. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला ‘स्वराज अभियान’ खटल्यात सांगावं लागलं की रोजगार हमीचे पैसे केंद्राने पुरेसे आणि वेळेवर सोडावेत, म्हणजे मजुरांना मजुरी वेळेत मिळेल. ते वाचताना मला चुलतीचे तीन आठवडे आठवले. मार्चअखेर सरकारच्या वहीत जी बचत दिसते, तिच्यात कित्येकदा मजुराची न दिलेली मजुरी असते. म्हणजे सरकारने मजुराकडून काढलेलं बिनव्याजी कर्ज. तेच अन्न महामंडळाचं. काही वर्षं अन्नधान्याच्या अनुदानाचा मोठा हिस्सा सरकारने रोखीने न देता महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावलं. २०२१च्या अंदाजपत्रकात ते सगळं वहीत आणलं, तेव्हा अनुदानाचा आकडा एकदम फुगलेला दिसला. तूट नवी नव्हती. तिने जागा बदलली होती.

तुमच्यातले काही मनात म्हणत असतील, सर, मग काय, सरकारांनी वाटेल तेवढं कर्ज काढावं? नाही. तोलाच्या बाजूचे लोक मूर्ख नाहीत. कर्ज वाढलं की व्याज वाढतं, आणि व्याज भारित असतं, म्हणजे उद्याच्या रांगेत गरीब आणखी मागे जातो. नोटा छापल्या की महागाई येते, आणि महागाई सर्वांत आधी त्याचंच ताट हलकं करते. आणि गरिबाचं नाव पुढे करून भलत्यालाच सवलती वाटणारे राज्यकर्ते आपण पाहिलेले आहेत. लगाम हवाच. मी लगामाविरुद्ध नाही. घोडा थकल्यावर ओझं कुणाच्या पाठीवर जातं, एवढंच विचारतोय.

म्हणून इतिहासातून मला तीन प्रश्न मिळतात. तुमच्यापुढे कुणी अंदाजपत्रकाच्या तोलाचं कौतुक केलं, तर ते विचारा. पहिला: हा तोल किती वर्षांचा? एका वर्षाचा असेल तर वाईट वर्षी काय, याचं उत्तर नियमात लिहिलं आहे का? दुसरा: रांगेत कोण कुठे उभं आहे? कात्री लागली तर पहिली कुणाला, हे आधी उघडपणे सांगितलं आहे का? आणि तिसरा, माझ्या चुलतीचा: हिशेब जुळला म्हणता, तर वाण्याकडची उधारी कुणाच्या नावावर आहे?

चुलती पुढे बरीच वर्षं जगली. त्या तीन आठवड्यांची मजुरी तिला मिळाली, पावसाळा तोंडावर आला तेव्हा. तोवर वाण्याने उधारीवर व्याज लावलं होतं. ते व्याज कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. पण दिलं तिने, खडी फोडून.

पुढच्या महिन्यात पगारपत्रकात त्या २०० रुपयांवर नजर गेली, तर तिची आठवण ठेवा, आणि ते पैसे कुठे जातात हे विचारायचा आपल्याला हक्क आहे, हेही ध्यानात ठेवा.